कानाला न लागलेला हात

गेल्या वर्षी एक जूनला सुनंदा लहू हिलम कागदोपत्री अठरा वर्षांची झाली. आदल्या दिवशी, एकतीस मेला, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सुनंदाचं लग्न आठ जूनला, रविवारी ठरलं होतं. तिची जन्मतारीख बारा वर्षांपूर्वी शाळेच्या रजिस्टरमध्ये मी लिहिली होती. ती खोटी होती.

शाळा खडवली स्टेशनपासून चार-साडेचार किलोमीटरवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. दोन खोल्या, दोन शिक्षक, वर्ग पहिली ते चौथी. एका अंगाला आगरी आणि कुणब्यांचं गाव, दुसऱ्या अंगाला ओहोळापलीकडे कातकरीवाडी. शाळेची जागा गावाने दिली, पण गावातली मुलं आता पिवळ्या व्हॅनमधून टिटवाळ्याच्या इंग्रजी शाळेत जातात. वर्गात बसतात ती वाडीची मुलं. गावकरी शाळेच्या मैदानात क्रिकेटचे सामने भरवतात, लग्नाचे मांडव घालतात, आणि छप्पर उडालं तर पत्रेही आणून देतात. शाळा आपली आहे असं दोन्हीकडचे मानतात.

शिक्षक होण्यापूर्वी तीन वर्षं मी ठाण्यात, कोपरीहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकात काम केलं. तिथून दोन सवयी लागल्या. बातमीत आधी काय आणि कधी घडलं ते सांगायचं, आणि जे ऐकलं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. पहिल्या सवयीचा शाळेत फार उपयोग झाला नाही. दुसरीचा झाला, एकदाच.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत एकतीस मेला निरोपसमारंभांची रांग लागते. कारण त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख एक जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्माची नोंद नसायची, पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत. गुरुजी सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहून टाकत. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे. आई सांगायची, पोळ्याच्या सुमाराला झालास.

वय ठरवायची एक पद्धत होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं. हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं, पण माझ्याआधीच्या गुरुजींनी मला चार्ज देताना जसा किल्ल्यांचा जुडगा दिला तशी ही पद्धतही दिली. मी नोकरीला लागलो तेव्हा ती सर्रास होती. पुढे जन्मदाखले आले, ऑनलाइन नोंदणी आली. तरी वाडीतल्या अर्ध्या मुलांचा जन्मदाखला नसायचा, कारण त्यांचा जन्म वाडीत झालेलाच नसायचा.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मेअखेरीला परत येतात. भिवंडी, पडघा, कल्याणच्या खाडीचा पट्टा, काही तर पार पनवेलपर्यंत. बाळंतपण भट्टीवर झालं तर नोंद कुठल्या गावात करायची हे कुणालाच ठाऊक नसतं. नोंद राहून जाते.

दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही दोघे शिक्षक वाडीत जाऊन किती घरांना बाहेरून काटक्या लावल्या आहेत ते बघायचो. त्यावरून वर्षाचा अंदाज यायचा. मग भट्ट्या शोधत फिरायचं आणि मुलांना जवळच्या शाळेत बसवून घ्यायला सांगायचं. एका भट्टीमालकाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "सर, तुम्ही पोरं न्यायला आलात की पोरांचे आईबाप?" मी म्हटलं, पोरं. तो म्हणाला, "मग न्या. पण पोरं गेली की आईबाप संध्याकाळपर्यंत मागोमाग येतात. मग माझ्या विटा कोण पाडणार, तुम्ही?" त्याने मुलं दिली नाहीत. चहा मात्र दर वर्षी दिला.

सुनंदाला तिचे आईवडील शाळेत घेऊन आले तो जूनचा तिसरा आठवडा होता. लहू हिलम तेव्हा तिशीच्या आतला असेल. त्याचं वयही कुणा गुरुजींनीच लिहिलेलं. बायको बेबी मागे उभी होती. मुलगी बापाचा शर्ट धरून होती.

मी तिला हात डोक्यावरून न्यायला सांगितलं. तिने नेला. बोटं कानाच्या दोन बोटं वरच थांबली. तिने मान वाकडी केली, तरी लागली नाहीत.

"गुरजी, तिचा हात आखूड हाय," लहू म्हणाला. "पाय बघा, पाय लांब हायेत."

बेबी मागून हळूच म्हणाली, "होळीच्या आधी झाली ती. भट्टीव. पाच होळ्या झाल्या त्याला." मी ऐकलं. म्हणजे मुलगी सव्वापाच वर्षांची होती. नियमाने तिला पुढच्या वर्षी घ्यायला हवं होतं.

त्या दिवशी शाळेचा पट एकोणीस होता. विसाच्या आतल्या शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायची, अशी चर्चा त्या काळात दर जूनला उठायची. दुसरी शाळा ओहोळ आणि डांबरी रस्ता ओलांडून तीन किलोमीटरवर होती. वाडीतलं एकही मूल तिथे गेलं नसतं. शिवाय वाडीत तेव्हा अंगणवाडी नव्हती. मूल पहिलीत आलं तरच त्याला दुपारची खिचडी मिळायची. ही दोन्ही कारणं खरी होती. त्यातलं कोणतं आधी मनात आलं, हे इतरांना सांगताना मी नेहमी खिचडी असं सांगितलं. खरं म्हणजे आधी पट आला.

मी प्रवेश अर्ज भरला. जन्मतारीख एक जून, सहा वर्षं पूर्ण. जन्मदाखला नसेल तर पालकाने लेखी सांगितलेली तारीख चालते. तारीख माझी होती, खाली अंगठा लहूचा.

पट वीस झाला.

शाळेत खिचडी शिजवायचं काम तारामावशींकडे होतं. आगरी बाई, वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, मास्तरपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारी. सुनंदा तिसरीत असताना आईबाप भट्टीवर निघाले तेव्हा मुलगी रडून शाळेच्या खांबाला धरून बसली. तारामावशी हात पुसत बाहेर आली आणि लहूला म्हणाली, "ठेव तिला माझेकडं. मे महिन्यान येऊन ने." कातकऱ्याची मुलगी आगऱ्याच्या ओटीवर झोपणार, यावर गावात बोलणं झालं. मावशीच्या जावेने नळावर सगळ्यांसमोर विचारलं. मावशीचं उत्तर मी स्वतः ऐकलं: "वटी माझी हाय. तुझे वटीवर झोपवली काय?"

सुनंदा दोन वर्षं त्या ओटीवर राहिली. चौथी झाल्यावर लहू तिला एक वर्ष भट्टीवर घेऊन गेला आणि पाचवीचं ते वर्ष बुडालं. मग ती पुन्हा मावशीकडे आली, हायस्कूलला गेली, दहावी पास झाली. वाडीतली ती पहिली मुलगी. अकरावीला तिने सायन्स घेतलं. बारावी करून नर्सिंगला जायचं, हे तिने दहावीच्या निकालाच्या दिवशीच मला सांगितलं होतं.

शाळेत दर वर्षी पालकसभा व्हायची आणि तिच्यात मी एक वाक्य न चुकता बोलायचो. मुलीचं लग्न अठराच्या आत करायचं नाही. वय माहीत नसेल तर शाळेत या, दाखल्यावरची तारीख बघा. पुढे बसलेले मान डोलवायचे. वाडीत पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्नं होतच राहिली. कुणी तारीख बघायला आलं नाही. एक माणूस सोडून.

एकतीस मेला शाळेच्या पडवीत निरोपसमारंभ झाला. सुट्टी होती, तरी गाव आणि वाडी दोन्ही आली. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण. ते संपल्यावर लहू पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हळद लावलेली पत्रिका.

"गुरजी, पहिली पत्रिका तुमाला. पोरीचं लगीन. आठ तारखेला."

मी विचारलं, "सुनंदाचं? बारावी राहिलीय तिची."

"हां. पन अठरा उद्या पुरी होतात ना." त्याने शर्टाच्या खिशातून शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. चार घड्या पडलेली. "बगा. तुमीच लिव्हलंय. दोन वरसं पोराकडचे मागं लागलेत. मी बोललो, नाय. गुरजी बोलतात तारीख बगा. एक जून होऊं द्या. वाडीत एकानं केलं नाय ते मी कायद्यानं करतोय."

मुलगा शहापूरकडचा, माजिवड्याला टेम्पोवर क्लीनर. दारू पीत नाही, असं लहूने दोनदा सांगितलं. घाई का, याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. मागच्या हंगामात भट्टीवर एका नात्यातल्या मुलीला त्रास झाला होता. त्याला दोन ठिकाणी जीव टांगलेला नको होता. पोरगी घरात एकटी ठेवता येत नाही, भट्टीवर नेता येत नाही, आणि तारामावशी आता थकली. लग्न झालं की नवऱ्याच्या घरी तरी असेल. यातलं एकही वाक्य खोडून काढता येत नव्हतं.

सगळे जेवायला बसले तेव्हा तारामावशीने मला चुलीकडे बोलावलं.

"पत्रिका घेतलीस?"

"घेतली."

"पोरीला इचारलंस?"

सुनंदा शाळेमागच्या हौदावर ताटं धूत होती. तिने हात धुतले, ओढणीला पुसले आणि सरळ विचारलं, "सर, मी अठराची नाही ना?"

मी हौदाच्या काठावर टेकलो.

"आई बोलते होळीच्या आधीची आहे. मी हिशोब केलेला. रजिस्टरमधली तारीख आणि मी, आमच्यात नऊ महिने येतात. मी बाबांना बोलली, तर बोलले, तुझ्या आईला काय कळतं, गुरजींनी लिहिलंय. सर, नऊ महिन्यांत माझी बारावी होते. मला बाकी काय नको. तुम्ही लिहून द्याल?"

"काय लिहून देऊ?"

"की तुम्ही चुकीचं लिहिलेलं."

मी तिला उद्या सांगतो म्हटलं. ते काही उत्तर नव्हतं, आणि तिने ते तसंच घेतलं. "बरं सर," म्हणाली आणि पुन्हा ताटांकडे वळली.

घरी, डोंबिवलीला, माळ्यावर वह्यांचे दोन खोके होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी नऊला काढायला घेतले, साडेअकराला ती वही सापडली. पानाच्या वर तारीख आणि वार. खाली चार ओळी:

"लहू हिलमची मुलगी सुनंदा. कान लागला नाही, दोन बोटं कमी. आई सांगते होळीच्या आधी, भट्टीवर, पाच होळ्या. सहा पूर्ण लिहून घेतली. पट २०."

दुपारी माझ्या मुलाने पान वाचलं. तो बँकेत आहे. म्हणाला, "बाबा, काल रिटायर झालात. हे कुणाला दाखवलंत तर चौकशी लागेल, पेन्शनचे कागद अडकतील. तुम्ही नाही सांगितलंत तर कुणाला कळणार आहे?" मी त्याला सांगितलं की एका मुलीला कळलेलं आहे.

गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची असते. आमचे ग्रामसेवक तिशीतले, बदलून येऊन वर्ष झालेले. सोमवारी, दोन जूनला, साडेदहा वाजता मी ग्रामपंचायतीत गेलो. त्यांना वाटलं मी निरोप घ्यायला आलो.

"सर, बसा. पेढे खायचे राहिलेत तुमच्याकडून."

मी वही पुढे केली आणि सोबत एका पानाचा अर्ज. त्यांनी दोन्ही वाचलं. पुन्हा वाचलं. दार लोटून घेतलं.

"सर, हे काय आहे? तुम्ही स्वतःवर लिहून देताय."

"हो."

"आता माझा प्रॉब्लेम ऐका. रजिस्टर सांगतं अठरा पूर्ण. दाखला सांगतो अठरा. आधार, दहावीचं सर्टिफिकेट, सगळं अठरा. आणि तुम्ही सांगता सतरा. मी रजिस्टर खरं धरू की तुम्हाला?"

"आधार दाखल्यावरून निघालं, दहावीचं सर्टिफिकेट दाखल्यावरून. दाखला रजिस्टरवरून. आणि रजिस्टर माझ्यावरून. सगळं मिळून कागद एकच आहे."

त्यांनी वहीची मागची-पुढची पानं चाळली. मग विचारलं, "अजून किती आहेत असे?"

"वाडीतले बहुतेक."

"बरंय तुम्ही परवाच गेलात," ते म्हणाले आणि माझा अर्ज आवक नोंदवहीत चढवला. वयाबद्दल शंका आहे, पडताळणी होईपर्यंत लग्न करू नये, अशी नोटीस त्यांनी तयार केली. वाडीत आपण दोघे जाऊ, असंही तेच म्हणाले.

बारा वाजता आम्ही लहूच्या अंगणात होतो. मांडवाचे बांबू आले होते. ग्रामसेवक नोटीस वाचायला लागले. मी त्यांना थांबवून आधी मला सांगू द्या म्हटलं. सुनंदाचं वय मी जास्त लिहिलं होतं, असं सांगितलं. वहीतलं पान वाचून दाखवलं.

लहूने ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी तुमी खोटं लिव्हलं."

"हो."

"आनि आमाला सबेत सांगत व्हते, तारीख बगा, तारीख बगा."

"हो."

"दोन वरसं मी लोकांचं ऐकून घेतलं, गुरजी. तुमच्या तारखेपायी." त्याचा आवाज चढला नाही. "आमच्या भावाच्या पोराचं? संतूच्या पोरींचं?"

"तीही अंदाजानेच."

"मग आमचं कोनाचं वय खरं हाय?" त्याने हे ग्रामसेवकांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रेशन काढलं, आधार काढलं, मतदान करतोय. सगळा कागद तुमचा. माजा म्हनून तेच्यात काय हाय? अंगठा."



तेव्हा बेबी दारातून पुढे आली. मी तिला बारा वर्षांत दोन वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी तवाच बोलली व्हती. होळीच्या आधी. गुरजीनी आयकलं, लिव्हलं नाय. तुमी तर आयकलंबी नाय." मग माझ्याकडे बघून, "वहीत लिव्हलंय ना माजं?"

"लिहिलंय."

"परत वाचा. माजं तेवढंच."

मी वाचलं. आई सांगते होळीच्या आधी, भट्टीवर, पाच होळ्या.

लहू बांबूंवर जाऊन बसला. सुनंदा कुडाला टेकून उभी होती. तिथूनच त्याने तिला विचारलं, "तू सांगितलं गुरजीना?"

"हां बाबा."

"मला कामून नाय सांगितलं?"

"सांगितलेलं ना. तुम्ही बोललात, गुरजींनी लिहिलंय."

लहू त्यावर किंचित हसला. तो हसला हे मी नोंदवून ठेवलं आहे, कारण नंतरचं बोलणं त्यामुळे शक्य झालं. तो ग्रामसेवकांना म्हणाला, "होळी होऊं द्या मंग. पोराकडं मी जातो. पन एक. पोरगी ऱ्हानार कुठं? भट्टीवर मी नेनार नाय."

ते कुणाच्याच अर्जात नव्हतं. संध्याकाळी तारामावशीला विचारायला गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"इचारायला आलास? मास्तर, तिची वळकटी माझे घरानच हाय. तू लिव्हायचं काम केलंस ना? आता घरी जा."

मुलाकडच्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग मुलानेच आईवडिलांना थांबू असं सांगितलं. दोन्ही घरांनी ग्रामपंचायतीत हमीपत्रावर सह्या केल्या. सुनंदाने सही केली, बेबीने अंगठा दिला. लहूने पेन मागून घेतलं आणि आपलं नाव लिहिलं. त्याला लिहिता येत होतं. बारा वर्षांपूर्वी मी न विचारताच शाईचं पॅड पुढे केलं होतं.

सुनंदाची नोंद दुरुस्त करावी, असा अर्ज मी शिक्षण विभागाकडे केला. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या जन्मतारखेत शाळेच्या पातळीवर बदल करता येत नाही, असं उत्तर आलं. ऑगस्टमध्ये मला खुलासा मागणारी नोटीस मिळाली. मी वहीच्या पानाची प्रत जोडून खुलासा दिला. ठाण्याला दोनदा सुनावणी झाली. दुसऱ्या वेळी चौकशी अधिकाऱ्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "तुमची स्वतःची जन्मतारीख?" मी सांगितली. ते म्हणाले, "माझीही." आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्याच वर्षी शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंनी वाडीतल्या आयांना बोलावून जन्मांची यादी करायला घेतली. होळी, गौरी, भट्टीचा कुठला फड, कुणाच्या लग्नानंतर किती दिवसांनी, असं विचारून. अजून कुठल्याही रजिस्टरमध्ये ती यादी गेलेली नाही.

लहू आणि बेबी दिवाळीनंतर भट्टीवर गेले. सुनंदा तारामावशीकडे राहिली. फेब्रुवारीत तिने बारावीची परीक्षा दिली. होळीला लहू दोन दिवसांची सुट्टी घेऊन आला आणि तिला लग्नाचं विचारलं. तिने निकाल लागू द्या म्हटलं. निकाल मे महिन्यात लागला. ती पास झाली. मुलगा अजून माजिवड्याला टेम्पोवर आहे. लग्नाची तारीख ठरलेली नाही.

माझ्या चौकशीचा निर्णय हा मजकूर लिहीपर्यंत आलेला नाही.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुनंदा कल्याणच्या एका नर्सिंग शाळेत दाखल झाली. अर्जावर पालकाची सही लहूची आहे. तिच्या ओळखपत्रावर जन्मतारीख एक जून आहे.